तारखेच्या आतली जमीन

चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता आणि संजाण मंडळाचा कारभार मधुमती ऊर्फ सुगतिप या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. संजाणच्या एका मठाला जमीन दान दिल्याची ती नोंद आहे. अरब अधिकाऱ्याच्या अमलाखाली मठाला दान मिळतं याचं अभ्यासकांना अप्रूप वाटतं, आणि ते वाटावंच. जमिनीच्या हक्कांचा विचार करणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जातं. अशा दानपत्रात देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, गावाचं असतं. जमीन कसणाऱ्याचं सहसा नसतं.

पुढच्या हजार वर्षांत या पट्ट्यात किती अंमल आले आणि गेले. कसणाऱ्याचं नाव कागदावर यायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि आलं तेही अट घालून. अट प्रत्येक कायद्यात रूप बदलून येते, पण मथितार्थ एकच: अमुक तारखेला ही जमीन तुझ्या ताब्यात होती का, आणि असेल तर पुरावा काय? महाराष्ट्रातले आदिवासी जमीनहक्कांचे कायदे कलमांपेक्षा तारखांच्या अंगाने वाचले तर लवकर उमजतात. १ एप्रिल १९५७, ६ जुलै १९७४, ३१ मार्च १९७८, १३ डिसेंबर २००५. या चार तारखा पालघर जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांचं नशीब ठरवून गेल्या आहेत.

आधी थोडा भूगोल. चिंचणी डहाणू तालुक्यात येतं आणि खाडीपलीकडचं तारापूर पालघर तालुक्यात. लोक दोन्ही नावं एका दमात घेतात, इथल्या जुन्या शिक्षणसंस्थेच्या नावातही ती जोडूनच आहेत. कायद्याच्या नकाशावर ती जोडी फुटते. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली १९८५ साली जो आदेश निघाला त्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्र ठरले. पालघर आणि वसई तालुक्यांतली फक्त निवडक गावं त्यात आली. म्हणजे खाडीच्या एका बाजूला जे संरक्षण सरसकट आहे, ते दुसऱ्या बाजूला गावागणिक यादीत शोधावं लागतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा २०११च्या जनगणनेच्या हिशेबाने सुमारे ३७ टक्के आदिवासी आहे. त्यात वारली सर्वांत मोठ्या संख्येने, मग मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, धोडिया, दुबळा. किनाऱ्यावर मांगेले, भंडारी, वाडवळ. चिंचणी, बोईसर यांसारख्या मोठ्या गावांत आदिवासी पाडे गावठाणाच्या कडेला असतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

जमीन गेली कशी? एका झटक्यात नाही. इंग्रजांनी सारा रोख पैशात मागितला, आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता तो सावकाराकडे गेला. मुंबई वाढत होती. तिथल्या घोड्यांना, म्हशींना गवत लागत होतं, बांधकामाला आणि जळणाला लाकूड लागत होतं, आणि ते दोन्ही इथून रेल्वेने जाऊ शकत होतं. त्यामुळे या जमिनीला किंमत आली ती भातामुळे नाही, गवत आणि लाकूड यांमुळे. गहाणखतं झाली, गहाणाची खरेदीखतं झाली आणि काल जो मालक होता तो स्वतःच्याच शेतात कूळ झाला. दुसरीकडे जंगल राखीव होत गेलं. पावसाआधी वाळका पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळायच्या आणि त्या भाजलेल्या जागेत भाताची रोपं करायची ही राबाची पद्धत. त्यासाठी लागणाऱ्या टहाळावरच वनखात्याने बोट ठेवलं. ठाणे-कुलाब्यात तक्रारींचा एवढा गदारोळ झाला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राबाचं प्रकरण त्याच्यापुढच्या मोठ्या वादांपैकी एक होतं.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांवर अहवाल लिहिला. सरकारी अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेला असूनही तो जमीनदारांविषयी कमालीचा कडक आहे. वेठ, म्हणजे फुकट राबवणं, इथे राजरोस चाले. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण बायकोसह धनकोच्या दारी बांधला जाई, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यामागे होते. पुढच्या हंगामात मागणी काय होती? पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये. इतकी साधी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मराठी वाचकांना ठाऊक आहे. उठावाची कथा म्हणून ते वाचलं जातं, पण गवताच्या दरापासून कोर्टाच्या समन्सापर्यंत आदिवासीच्या घरचं अर्थकारण त्यात जितकं बारकाईने आलंय तितकं अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचित सापडतं.

वेठ गेली. जमीन परत आली नव्हती. ती येण्याची पहिली कायदेशीर संधी म्हणजे १९४८चा कुळकायदा आणि त्यातली १९५६ची दुरुस्ती. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने मालक झाल्याचं मानलं जाणार होतं. कागदावर ही क्रांतीच होती. अडचण अशी की आदिवासी कुळाचा करार तोंडी असे आणि पीकपाहणीच्या रकान्यात त्याचं नाव असेलच असं नाही. मालकाने आधीच त्याला उठवलं असेल, किंवा आपण मजूर आहोत असं त्याच्याकडून लिहून घेतलं असेल, तर १ एप्रिलला तो कूळ उरतच नव्हता. जे नोंदीत टिकले त्यांना जमीन मिळाली, आणि ती संख्या लहान नाही हेही सांगायला हवं. पण मिळालेली जमीन विकायला किंवा गहाण टाकायला भाग पाडणारी माणसं गावातच होती. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत बरीचशी पुन्हा हातची गेली.

१९७०च्या सुमारास पालघर तालुक्यात भूमिसेना उभी राहिली. तिचे नेते काळूराम धोदडे स्वतः इथलेच आदिवासी. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याच्या मागे जाण्यापेक्षा गावागावांतल्या तरुण मंडळांनी आपली जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते शोधायचं, आणि हंगामात जाऊन ती कसायला घ्यायची, ही तिची रीत. वेठबिगारी आणि किमान वेतन या प्रश्नांवरही ती लढली. तिचा अभ्यास करायला देशोदेशीचे अर्थतज्ज्ञ आले, कारण विकास म्हणजे काय ते इथे लोक स्वतः ठरवत होते. याच काळात शासनाने ६ जुलै १९७४ ही तारीख ठरवली.

या तारखेभोवती दोन वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली महसूल संहितेतलं कलम ३६-अ: त्या तारखेपासून पुढे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता, बक्षीस देता, बदलून देता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचं गहाण वा भाडं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी लागते, त्यापलीकडे काही असेल तर राज्य शासनाची मान्यताही. दुसरी तरतूद मागे पाहणारी. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन मूळ मालकाला परत द्यायची, त्याने त्यासाठी ठराविक रक्कम हप्त्यांनी भरायची, असा स्वतंत्र कायदा झाला. ज्यांनी जमीन घेतली होती ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात न्यायालयाने कायदा वैध ठरवला. दुबळ्याने नाइलाजाने केलेला व्यवहार उलटवणं हा समाजाने दिलेला न्याय आहे, असा त्या निकालाचा रोख आहे.

आता यातून निसटलं काय ते पाहा. १९५७च्या आधी, म्हणजे सावकारीच्या सुवर्णकाळात, गेलेली जमीन परतीच्या कायद्यात नाही. ६ जुलै १९७४ पूर्वी जिच्यावर कारखाना किंवा घरं उभी राहिली तीही नाही. बोईसरच्या आसपास औद्योगिक वसाहत आकार घेत होती तोच हा काळ, हे ध्यानात घेतलं की या सवलतीचं वजन कळतं. आणि ३६-अ ला वळसे घालायच्या युक्त्या तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतात: कुलमुखत्यारपत्र, साठेकरार, दुसऱ्याच एखाद्या आदिवासीच्या नावावर केलेली खरेदी. सातबारावर नाव वारल्याचं आणि कुंपणाला कुलूप शेठचं.

एवढं झालं ते महसुली जमिनीचं. पालघरच्या डोंगरी भागात खरी भूक वनजमिनीची आहे, आणि तिथली तारीख सर्वांत जास्त वेळा बदलली. ‘अधिक धान्य पिकवा’च्या काळात वनखात्याने जंगलातले तुकडे एका वर्षाच्या बोलीने कसायला दिले होते. त्यांना एकसाली प्लॉट म्हणतात. वर्षाचा करार असला तरी माणसं त्याच तुकड्यावर पिढीभर राहिली, बांध घातले, नाचणी-वरई आणि भात पिकवला. कागदाने ती अतिक्रमक होती. शासनाने १९७८च्या अखेरीस निर्णय काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं पात्र असतील तर नियमित करू. ते पुरं होण्याआधीच २५ ऑक्टोबर १९८० पासून वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमिनीची किल्ली दिल्लीकडे गेली. डहाणूत १९७८ साली सुरू झालेल्या कष्टकरी संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. संघटनेचे कार्यकर्ते प्रदीप प्रभू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९९५ साली न्यायालयाने दाव्यांची नीट पडताळणी करायला सांगितली. मग मे २००२ मध्ये केंद्राचं पत्र सुटलं, अतिक्रमणं काढा. देशभर झोपड्या पाडल्या गेल्या, आणि त्या धक्क्यातून जी मागणी पेटली तिचा शेवट २००६च्या वनहक्क कायद्यात झाला. त्याच्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत प्रदीप प्रभूही होते.

वनहक्क कायदा नवी जमीन वाटत नाही. इतिहासात झालेला अन्याय दुरुस्त करायचा आहे असं तो प्रस्तावनेतच म्हणतो, म्हणजे जी आधीपासून कसली जात होती ती मान्य करतो. १३ डिसेंबर २००५ रोजी प्रत्यक्ष ताब्यात असलेली, जास्तीत जास्त ४ हेक्टर. हक्क वारसाने जातो, विकता येत नाही, आणि नवराबायको दोघांच्या नावाने नोंदवावा लागतो. या शेवटच्या अटीचं फारसं कौतुक होत नाही. पण ज्या समाजात सातबारावर बाईचं नाव नवरा गेल्याशिवाय येत नसे तिथे ही लहान गोष्ट नव्हे.

दावा ग्रामसभेपुढे येतो, वनहक्क समिती जागेची पाहणी करते, मग प्रांताधिकाऱ्यांची उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समिती. निदान दोन पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, जुनी विहीर, बांध, स्मशान चालतं. आणि इथे नियतीने एक गंमत केली आहे. जंगलात नांगर घातला म्हणून गार्डाने फाडलेली दंडाची पावती हा ताब्याचा उत्तम पुरावा ठरतो, कारण तिच्यावर सरकारी शिक्का आणि तारीख असते. ज्याने मुकाट दंड भरून पावती पत्र्याच्या पेटीत जपली त्याचा दावा टिकला. ज्याने गार्डाला कोंबडी देऊन विषय मिटवला त्याच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

मंजूर झालेल्या दाव्यांतलं दुखणं क्षेत्रफळाचं आहे. माणूस दोन एकर कसतो आणि हाती येतात काही गुंठे. जीपीएसने मोजताना गवताची कड, पडीक ठेवलेला भाग, राबाची जागा वगळली जाते. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसलं की ते जंगल. २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय की उपग्रहचित्र पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, तरी कचेरीत पडद्यावरचा रंग माणसाच्या जबाबापेक्षा भारी ठरतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांच्या मागण्यांत ही गुंठ्यांची तक्रार अगदी वर होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत स्वतःच तो स्थगित केला, कारण फेटाळणी नीट झाली आहे की नाही हेच स्पष्ट नव्हतं. महाराष्ट्रात राज्यपालांनी १८ मे २०२० च्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपील करायची सोय केली. दावा फेटाळला तर तसं कळवणं बंधनकारक आहे, आणि ६० दिवसांची अपिलाची मुदत कळवल्यापासून मोजतात. कळवलंच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही, एवढं साधं वाक्य कितीतरी पाड्यांवर पोचलेलं नाही.

समजा पट्टा मिळाला. पुढे काय? इथे जमीनहक्कांची चर्चा संपते आणि विकासाची सुरू होते असं मानायची आपली सवय आहे, आणि दोन्हींची खाती वेगळी, अधिकारी वेगळे. दीड एकर खडकाळ उतारावर पावसाळी भात घेणारं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा वसई-भिवंडीकडे जातं. जव्हार-मोखाड्यात याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. जमीन आहे, पाणी नाही. पाणी नव्हतं असंही नाही. सूर्या नदीवर धामणी आणि कवडास इथे धरणं बांधली ती याच भागातल्या, मुख्यतः आदिवासी, शेतीला पाणी द्यायला. आता त्या पाण्याचा मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांना जातो. एकट्या एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, योजनेची क्षमता दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर आहे. शहरांना पाणी लागतंच, त्यावर वाद नाही. पण धरणासाठी गावं उठली तेव्हा वचन वेगळं दिलं होतं.

जिथे पाण्याचा थोडा तरी बंदोबस्त झाला तिथे काय होतं तेही दिसतं. बायफ या संस्थेने गुजरातेत वांसद्याला सुरू केलेला वाडीचा प्रयोग जव्हारकडे आला: एकरभर उतारावर आंबा-काजू, कडेला जळणाची झाडं, मधल्या जागेत भाजी. मोगऱ्याने काही घरांचं जगायला जाणं थांबवलं. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, डहाणू-घोलवडच्या चिकूलाही मिळालं. यातल्या चिकूची गोष्ट बोलकी आहे. बागा बहुतेक पारशी-इराणी आणि इतर बागायतदारांच्या, तोडणीला हात वारल्यांचे. मानांकनाचा फायदा जमीन ज्याची त्याला.

अमेरिकेत हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच हाताळला गेला, आणि चुकीच्या बाजूने. १८८७च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनींचे वैयक्तिक तुकडे केले, ठराविक मुदतीनंतर ते विकायची मुभा दिली आणि ‘उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. हेतू असा सांगितला गेला की खासगी मालकीने इंडियन माणूस उद्यमी होईल. १९३४ साली कायदा मागे घेतला तोवर जमातींकडची सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन ४ कोटी ८० लाखांवर आली होती. अलास्कात १९७१ साली उलटा प्रयोग झाला: सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देऊन मूळनिवासींच्या कंपन्या काढल्या आणि प्रत्येकाला भागधारक केलं. तिथेही तारीख आलीच. मूळ कायद्यात १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्याला भाग नव्हता. त्यामुळे एकाच घरात थोरला भाऊ कंपनीचा मालक आणि धाकटा परका झाला.

हार्वर्ड विद्यापीठात १९८७ पासून स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: सारखीच गरिबी, सारखीच साधनं असताना काही जमाती वर का येतात? त्यांना शिक्षणापेक्षा आणि खनिजांपेक्षाही जास्त फरक पडलेला दिसला तो निर्णय कोण घेतो याने. जंगल सरकारी खात्याऐवजी जमातीने स्वतः सांभाळलं तिथे लाकडाचं उत्पादनही वाढलं आणि भावही चांगला मिळाला. आपल्याकडे हे पटवायला परदेशी जायची गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. पालघरमध्ये बहुतेक जोर वैयक्तिक पट्ट्यांवर राहिला, सामूहिक हक्कांवर कमी. जव्हार-विक्रमगडकडे वयम् चळवळीने ग्रामसभांना ते दावे करायला शिकवलं, तिथे चित्र जरा वेगळं आहे. माझ्या मते या जिल्ह्याची सर्वांत मोठी हुकलेली संधी हीच. चार हेक्टरची मर्यादा वैयक्तिक हक्काला आहे. सामूहिक वनहक्कात अख्खं शिवार येऊ शकतं.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४चे. त्या नियमांत एक तरतूद आहे जी चिंचणीसारख्या ठिकाणी फार मोलाची: पाडा स्वतःला वेगळं गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत बाजारपेठेतल्या मतांपुढे पाड्याचा हात दिसतच नाही. स्वतःच्या ग्रामसभेत तोच हात बहुमत असतो. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो, तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. कागदोपत्री हे सगळं आहे. प्रत्यक्षात आराखडा बऱ्याचदा ग्रामसेवकाच्या टेबलावर पूर्ण होतो.

आणि मग येतो तो प्रकल्प ज्याच्यापुढे या तरतुदी विरघळतात. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ सांगतं की अनुसूचित क्षेत्रात संपादन शेवटचा उपाय म्हणूनच करावं आणि ग्रामसभेची आगाऊ संमती घ्यावी. त्याच कायद्याच्या शेवटी चौथी अनुसूची आहे, म्हणजे हा कायदा ज्यांना सरळ लागू होत नाही अशा कायद्यांची यादी. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, अणुऊर्जा, वीज, पेट्रोलियमच्या नळवाहिन्या. २०१५ पासून भरपाईची आणि पुनर्वसनाची कलमं यांनाही लावली, संमतीचं कलम तसं आलं नाही. बोईसर स्टेशनवर उभं राहून चारी दिशांना बोट दाखवलं तर ही यादी पुरी होते: १९६९ पासून चालू असलेलं तारापूर अणुवीज केंद्र, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती रस्ता, बुलेट ट्रेन. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, आणि पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षं उच्च न्यायालयात चालला.

वनजमिनीतही असंच. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राने सांगितलं की वनहक्कांचे दावे मिटवल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय जंगल वळवायचं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये रस्ते, कालवे, नळवाहिन्या अशा रेषेसारख्या प्रकल्पांना संमतीतून सूट दिली, फक्त अतिमागास आदिम जमातींच्या हक्कांना बाधा येत असेल तिथे नाही. पालघरमध्ये कातकरी त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या जिल्ह्यातले बहुतेक प्रकल्प रेषेसारखेच आहेत तिथे संमतीचा उरलासुरला आधार सर्वांत गरीब, बहुधा भूमिहीन कातकऱ्याच्या नावावर टांगलेला आहे.

चिंचणीच्या उत्तरेला, वरोर ओलांडलं की, वाढवण. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. त्यावर देखरेख करणाऱ्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये, धर्माधिकारी हयात नसताना, मंजुरी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मान्य केला, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. बंदर समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून होणार, म्हणून गावांची जमीन फारशी जात नाही असा युक्तिवाद केला जातो. पण समुद्राला सातबारा नाही. मांगेल्यांच्या पिढ्यांनी ज्या ठिकाणी जाळी टाकली त्या जागांना कुठल्याही कायद्यात गट नंबर नाही, वनहक्क कायदा किनाऱ्यावर येऊन थांबतो. आणि बंदरापासून महामार्गापर्यंत, वरोर ते तवा असा ३२ किलोमीटरचा रस्ता मात्र जमिनीवरूनच जातो, वारली पाड्यांच्या शेतांतून. ज्याचा सातबारा स्वच्छ त्याला भरपाई. ज्याचा वनदावा प्रांताच्या कपाटात पडून आहे तो भरपाईच्या यादीत कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खासगी पक्षांना भाडेपट्ट्याने देता यावी असा बदल शासन करणार आहे. विरोध लगेच झाला, आणि डॉज कायद्याचा अनुभव पाहता तो साहजिक आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही झटकून टाकण्यासारखं नाही. तारण नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, पाणी नाही म्हणून पीक नाही, विकता येत नाही म्हणून मोल नाही. अशी जमीन बाळगून कोणाचं भलं झालं, असं आदिवासी तरुणच विचारू लागले आहेत. मला वाटतं भाडेपट्ट्याला सरसकट नाही म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी आधी लिहून मागाव्यात. प्रत्येक पट्टा ग्रामसभेत वाचला जावा. मुदत इतकी लांब नसावी की नातवाला आपली जमीन पाहण्याआधी म्हातारपण यावं. आणि तालुक्यात एकही वनदावा किंवा परतीचा अर्ज निर्णयाविना पडलेला असेतो तिथे भाडेपट्टा नोंदवू नये. यातली तिसरी अट कोणत्याही मंत्र्याला सर्वांत गैरसोयीची वाटेल, कारण ती पाळायची तर पालघर, डहाणू आणि जव्हारच्या प्रांत कचेऱ्यांतली कपाटं आधी रिकामी करावी लागतील.